डॉल्बीत झोपलेलं बाळ

रविवारी सकाळी साडेअकरा वाजता उचगावातल्या एका मंगल कार्यालयाच्या दारात डॉल्बी सुरू झाला आणि आत आयांच्या मांडीवर असलेली सगळी तान्ही बाळे एकदम रडू लागली. एक सोडून. सौंदर्या तोडकर हिचा दोन महिन्यांचा मुलगा शिवांश झोपलेला होता. तो झोपूनच राहिला.

कार्यालयात त्या दिवशी गरोदर माता व नवजात बालकांचे मोफत आरोग्य तपासणी महाशिबिर होते. बाळांच्या बाबतीत मुख्य तपासणी कानांची होती. कानांच्या तपासणीच्या दारात डॉल्बी लावायची कल्पना कोणाची, हे नंतर कोणीच अंगावर घेतले नाही. बहुधा ती कोणाचीच नव्हती. शिबिर अमरसिंह सरनोबत यांच्या वाढदिवसाचे होते आणि वाढदिवस म्हटला की डॉल्बी आला. यापुढे विचार करायची सवय त्या मंडळींत कोणाला नव्हती.

सरनोबत एका पतसंस्थेचे अध्यक्ष आहेत. त्यांना दादा म्हणतात. पुढच्या निवडणुकीला दादा उभे राहणार, असे त्यांचे कार्यकर्ते मागच्या दोन निवडणुकांपासून सांगत आले आहेत. एरवी ज्या बायकांची नावेही त्यांना ठाऊक नसतात, त्यांच्या पोटातल्या बाळांची काळजी दादांना वर्षातून एकदा वाटते. ते स्वतः जन्मले त्या तारखेच्या जवळपासचा रविवार त्यासाठी राखलेला असतो.

गरोदर बायकांची ओळ दारापासून सुरू होत होती. साखरेच्या तपासणीसाठी त्यांना उपाशी पोटी बोलावले होते, आणि दारातच एक कार्यकर्ता वाढदिवसाचा पेढा एकेकीच्या हातावर ठेवत होता. नको म्हणणाऱ्या बाईला तो म्हणाला, "खावा वो वहिनी. दोघांचं बी तोंड गोड होऊ दे." पेढा खाऊन बाई रक्त द्यायला जात होती. तिथून पुढे रक्तदाबाची खुर्ची. ती डॉल्बीच्या बाजूच्या भिंतीला लागून होती. भिंत थरथरत होती आणि रक्तदाब बहुतेकींचा वाढलेलाच निघत होता. नर्सने हे डॉक्टरांना सांगितले.

"आवाजानं वाढलाय तो," डॉ. पृथ्वीराज इंगवले म्हणाले. "नॉर्मल लिहा."

त्यांच्यात खरोखर कोणाचा वाढलेला होता, हे कळण्याचा मार्ग तिथेच बंद झाला. इंगवले हे बालरोगतज्ज्ञ. त्यांचा दवाखाना त्याच रस्त्याला आहे आणि त्याच्या नव्या मजल्याचे उद्घाटन दादांच्या हस्ते व्हायचे होते. शिबिराची सगळी वैद्यकीय जबाबदारी त्यांच्यावर होती, असे पत्रिकेत छापले होते.

सभागृहाच्या कोपऱ्यात चादरीच्या आडोशाला वर्षाराणी कळंत्रे ही श्रवणतज्ज्ञ बसली होती. तिला एका दिवसासाठी कोल्हापुरातून बोलावले होते. तिचे मशीन बाळाच्या कानात एक बारीक आवाज सोडते आणि कान आतून त्याला प्रतिसाद देतो का, ते टिपते. त्यासाठी खोली शांत लागते. डॉल्बी सुरू झाल्यापासून मशीनच्या पडद्यावर, आवाज जास्त आहे, एवढीच सूचना येत होती. ती उठून बाहेर आली आणि दारातल्या गुंडूला भेटली. गुंडू हा दादांचा जुना कार्यकर्ता.

"थोडा वेळ डॉल्बी बंद ठेवता का? मशीन चालत नाहीये."

"मॅडम, दादांची एंट्री हाय."

"एंट्री झाल्यावर?"

"एंट्री झाल्यावर भाषण हाय."

"मग भाषणानंतर."

"भाषणानंतर जेवान हाय," गुंडू म्हणाला. "तुमी बी जेवूनच जावा की."

दादा आत आले तेव्हा समोर रडणाऱ्या बाळांची रांग होती. ते दादांना आवडले नाही. फोटो काढणाऱ्यालाही आवडले नाही. मग दादांची नजर शिवांशवर गेली. त्यांनी त्याला सौंदर्याच्या मांडीवरून उचलले, दारातल्या डॉल्बीला लागूनच असलेल्या मंचावर नेले आणि माइक मागवला.

"हे बघा. सगळी रडत्यात आणि हे बहाद्दर झोपलंय. कुणाचं पोरगं म्हणायचं हे?"

"आपल्या शिवशरणचं, दादा," गुंडू खालून म्हणाला. "पिग्मी गोळा करतोय की आपल्या संस्थेची."

"मग भिईल कसं," दादा म्हणाले. लोक हसले आणि टाळ्या झाल्या.

तिथल्या तिथे 'निडर बाळ' हा पुरस्कार जाहीर झाला. चषक हळदीकुंकवाच्या स्पर्धेसाठी आणून ठेवलेला होता, तो दिला गेला. डॉ. इंगवले यांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघितले. ज्या बाळाचे कान तपासायला ते आले होते, ते बाळ डॉल्बीपासून हाताच्या अंतरावर निवांत झोपले होते आणि बालरोगतज्ज्ञ टाळ्या वाजवत होते. फ्लॅश उडाला तेव्हा शिवांशने डोळे उघडले. त्याने दिव्यांकडे बघितले. त्याच्या पाठीमागे डॉल्बीच्या पेट्यांची उंच भिंत होती. तिकडे त्याने मान वळवली नाही.

सौंदर्या त्याला घेऊन चादरीच्या आडोशाला परतली तेव्हा वर्षाराणी मशीन पिशवीत भरत होती.

"ह्याचं राहिलं, मॅडम."

"सगळ्यांचंच राहिलं." मग वर्षाराणीने हात थांबवला. "डॉल्बी लागला तेव्हा हा खरंच झोपून होता?"

"व्हय."

"घरी दचकतो कधी? कुकरची शिट्टी झाली, भांडं पडलं?"

सौंदर्याने आठवून बघितले. "दार आपटलं की बघतोय. वारं लागतंय म्हणून बघतोय का आवाजानं, ते न्हाय सांगता यायचं."

"जन्मला तेव्हा तपासलं नव्हतं?"

"कुरुंदवाडला झाला, म्हायेरी. तितलं मशीन दुरुस्तीला गेलतं. नंतर आणा म्हणले."

"काही बाळं नुसतीच गाढ झोपतात," वर्षाराणी म्हणाली. "आत्ता मी काहीच सांगू शकत नाही. पण शांत ठिकाणी तपासून घ्या. ऐकू येत नसेल, तर सहा महिन्यांच्या आत कळून उपचार सुरू व्हायला हवेत. पुढं जितका उशीर, तितकं बोलणं अवघड."

एवढे सांगून तिने जेवणाचे कूपन टेबलावर ठेवले आणि ती निघून गेली. डॉल्बी थांबवा नाहीतर शिबिर थांबवा, असे ती कोणालाही म्हणाली नाही. पुढच्या वर्षीही तिला बोलावतील.

जाताना प्रत्येक आईला दादांचा फोटो असलेले कार्ड मिळाले. त्यावर बाळाचे दोन्ही कान उत्तम असल्याचे लिहिलेले होते. ती कार्डे आदल्या दिवशीच छापून आली होती.

त्याच आठवड्यात नाक्यावर फलक लागला. झोपलेल्या शिवांशला उंच धरलेले दादा, बाजूला डॉ. इंगवले, आणि वर मोठ्या अक्षरांत 'डॉल्बीलाही न घाबरणारे उचगावचे निडर बाळ'. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, पासपोर्टच्या फोटोंसारखे ओळीने. शिबिरात कोणाला काय आजार सापडला, याचा फलकावर उल्लेख नव्हता. तसे काही सापडलेच नव्हते.

शिवशरणला फलक फार मानवला. आजवर पिग्मीची, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीची, पिशवी घेऊन तो दुकानाच्या पायरीवर चढला की दुकानदार मोबाईलमध्ये तोंड घालत. आता ते हाक मारू लागले. "ये की निडर बाळाच्या बापा, चा घे." बेकरीवाल्याने खारीची पिशवी दिली. संस्थेत कायम करण्याचे दादांनी त्याला मागेच सांगितले होते. आता गुंडूही तसे म्हणाला. ज्या माणसाला वडिलांच्या जिवावर कोणी कधी ओळखले नाही, त्याला दोन महिन्यांच्या मुलाच्या जिवावर ओळखू लागले, आणि त्यात त्याला काही वावगे वाटले नाही.

"शिवांशला कानाच्या डॉक्टरास्नी दाखवूया," सौंदर्या एका सकाळी त्याला म्हणाली.

"कशाला?"

"मॅडम म्हणल्या, तपासा म्हणून."

"तपासलं की शिबिरात. कार्ड हाय."

"कार्ड छापील हाय. तुमी तिथंच हुतासा. तपासलं का कुणी?"

शिवशरण शर्टाची बटणे लावत राहिला. "उद्या काय निघालं तर लोकं काय म्हणतील? दादांच्या हातात बहिरं पोरगं दिलं म्हणतील."

"आपण दिलं न्हाय. त्येंनी उचललं."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. "दादांनी उचललं."

त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

त्याची आई निर्मला हिने स्वतःची तपासणी घेतली. सौंदर्या सासूला आत्ती म्हणते. तिच्या माहेराकडे, नदीपलीकडच्या बोलीत, तसेच म्हणतात. आत्तीने शेजारच्या दोन बायकांना साक्षीला बोलावले, पाळण्यामागे उभी राहिली आणि स्टीलच्या ताटावर उलथने मारले. काही झाले नाही. ती जरा पुढे सरकली आणि पुन्हा मारले. शिवांशने डोळे वर केले.

"झालं की. ऐकतंय."

"आत्ती, तुमची सावली पडली त्याच्यावर."

"मग सावली काय वाजती व्हय गं?"

शेजारणी हसल्या. आत्ती म्हणाली, "बारशात आत्यानं कानात नाव सांगितलं, तवा कसं टकाटका बघत हुतं तिच्याकडं."

"तिच्या नथीकडं बघत हुतं."

"तुला मेलं सगळीकडं वाकडंच दिसतंय. आन रोज कानात तेल घालतोय मी. तेलानं जरा कमी ऐकाय येत असंल."

त्या दिवसापासून बाळ उत्तम ऐकते आणि तेलामुळे कमी ऐकते, ही दोन्ही मते त्या घरात गुण्यागोविंदाने नांदू लागली. कोणालाही त्यात अडचण वाटली नाही. तेलही चालू राहिले.

शिवांशला तीन महिने पूर्ण झाल्यावर सौंदर्या त्याला घेऊन डॉ. इंगवले यांच्या दवाखान्यात गेली. बाहेरच्या खोलीत नाक्यावरच्या फलकातलाच फोटो चौकटीत लावलेला होता. डॉक्टरांनी बाळाला टेबलावर ठेवले आणि त्याच्या तोंडासमोर टाळी वाजवली.

"हे बघ. पापणी हलली."

"वारं लागलं त्याला, डॉक्टर. मागनं वाजवा की."

"डॉक्टर मी का तू?" त्यांनी बॅटरीने कानात बघितले. "तेल आहे आत. तेल बंद कर. दोन महिन्यांनी आण."

"दोन महिन्यांनी पाचवा सरंल. सहा महिन्यांच्या आत कळाय पायजे म्हणं."

"कोण म्हणं? त्या मशीनवाल्या बाई? अगं, पोरं उशिरा बोलतात आपल्याकडं. मी स्वतः तीन वर्षांचा झाल्यावर बोललो."

"मग जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी तरी द्या."

"चिठ्ठीवर माझी सही लागते," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

उशिरा बोलायला लागलेल्या या माणसाला त्या दिवशीही बोलता आले नाही. तपासणी कुठे होते, ती किती साधी असते, कोणत्या महिन्यानंतर ती करून फारसा उपयोग उरत नाही, हे सगळे त्यांनी शिकताना लिहून काढले होते आणि त्यावर गुण मिळवले होते. आता फोटोत ते दादांच्या शेजारी उभे होते. नव्या मजल्यावर रंगकाम चालू होते.

घंटी वाजली तेव्हा शिवांश छताकडे बघत होता.

यानंतर सौंदर्याने जे केले ते घरात कोणाला विचारून केले नाही. एका सकाळी ती बाळाला घेऊन थेट दादांच्या बंगल्यावर गेली. व्हरांड्यात कामे घेऊन आलेली माणसे बसली होती. दादा झोपाळ्यावर होते. गुंडूने बाळाला ओळखले आणि तिला पुढे घेतले.

"या या, निडर बाळ आलं," दादा म्हणाले. "काय पायजे, बोला."

"तपासणी पायजे. कानाची."

"का, काय झालं?"

"ऐकाय येतंय का न्हाय कळंना. घरात तपासू देईनात. डॉक्टर चिठ्ठी देईनात. तुमचा फलक हाय म्हणून. तुमी एक शब्द टाका. मग कोण अडवणार न्हाय."

दादा रागावतील असे बसलेल्यांना वाटले. दादा रागावले नाहीत. ज्या माणसाला कोणत्याही गोष्टीचा उपयोग दिसतो, त्याला राग क्वचित येतो. त्यांनी झोपाळा पायाने थांबवला आणि बाळाला नीट निरखले.

"बहिरं निघालं समजा, तर मग काय करत्यात?"

"कानात मशीन घालत्यात म्हणं. लौकर घातलं तर बोलाय येतंय."

"गुंडू," दादा म्हणाले, "ऐकलंस का? निडर बाळाला दादांच्या हस्ते श्रवणयंत्र. कसं वाटतंय?"

"लई भारी, दादा. आनिक चार-पाच पोरं शोधतो तसली. मोठा कार्यक्रम हुईल."

"वहिनी, काळजी करू नका. मशीन माझ्याकडनं."

"कधी?" सौंदर्याने विचारले.

"कधी म्हणजे? वाढदिवसाला."

"वाढदिवस तर झाला, दादा."

"पुढच्या."

"तवर हे वर्षाच्या फुडं जाईल."

"तेच बरं की. तवर बसाय लागंल. मांडीवरच्यापेक्षा बसलेलं पोरगं फोटोत चांगलं दिसतंय." दादांनी झोपाळ्याला पुन्हा हेलकावा दिला. "तवर मात्र कुठं तपासत बसू नका. बाहेर फुटलं तर पेपरवाली उगंच काय बी लिवत्यात."

"आन तवर ह्यो काय?"

"तवर निडर हाय की," दादा म्हणाले. सगळा व्हरांडा हसला. काहींना विनोद कळला नव्हता, तेही हसले.

ही बातमी सौंदर्या घरी पोहोचायच्या आधी शिवशरणला पोहोचली होती. तो दुपारीच घरी आला. आपल्या बायकोने परस्पर बंगल्याची पायरी चढली याचा त्याला धक्का बसला होता, आणि दादांनी तिचे ऐकून घेतले याचा अभिमानही वाटत होता. त्याने आधी धक्का व्यक्त केला आणि जेवताना अभिमान.

"दादा मशीन देतो म्हणलेत. सगळ्यांसमोर. आता आनिक काय पायजे तुला?"

"तपासणी."

"निघालंच न्हाय काय, तर?"

"तर सुटलो."

"दादांनी मशीन जाहीर केलंय, आन पोरगं धडधाकट निघालं, तर?" शिवशरणने घास हातात धरून विचारले. "दादा काय म्हणतील?"

सौंदर्याने त्याच्याकडे बघितले. मुलगा बहिरा निघाला तरी दादांची अडचण आणि ऐकणारा निघाला तरी दादांची अडचण, इथपर्यंत नवरा पोहोचला होता. दुसऱ्या दिवशी तिने जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या तपासणी केंद्राला फोन लावला आणि डॉक्टरांची चिठ्ठी नसली तर चालेल का, असे विचारले. पलीकडची बाई म्हणाली, चिठ्ठी कशाला, बाळाला घेऊन या. मशीन एकच आणि बाळे पुष्कळ, त्यामुळे तारीख पुढची मिळाली. त्या तारखेला शिवांशला पाच महिने होऊन गेलेले असणार होते. एक अट होती. तारा लावून तपासणी होते, त्यामुळे बाळ गाढ झोपलेले पाहिजे. सकाळी लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका, इथे आल्यावर दूध पाजा, असे त्या बाईने दोनदा सांगितले.

त्या दिवशी शिवशरण पिशवी घेऊन बाहेर पडल्यावर सौंदर्याने बाळाला टोपडे घातले. दारात आत्ती चपला घालून उभी होती.

"आत्ती, अडवू नका."

"अडवाय कोण आलंय? मी बी येतो. तुझं खोटं ठरलेलं माझ्या डोळ्यांनी बघाय येतो."

दोघी नाक्यावर बसची वाट बघत थांबल्या. फलक अजून तिथेच होता. त्याची एक दोरी सुटली होती, ती कोणी तरी नव्याने बांधली होती. आत्तीने वर बघितले. "किती गोड दिसतंय," ती म्हणाली, आणि मग सौंदर्याला म्हणाली, "तू बघू नको."

बसमध्ये शिवांशचे डोळे मिटू लागले. त्याला जागे ठेवायचे काम आत्तीने घेतले. ती त्याच्या पायाची बोटे ओढत होती, ओला हात तोंडावरून फिरवत होती. नंतर तिने त्याला खिडकीकडे तोंड करून मांडीवर घेतले आणि पाठीमागून हाक मारली. "शिवांश. ए शिवांश." तो बाहेर पळणारी झाडे बघत होता. तिने आवाज चढवला. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून बघितले. तिने आणखी चढवला. कंडक्टरने बघितले, दारातल्या कॉलेजच्या मुलांनी बघितले, ड्रायव्हरने आरशात बघितले. सगळी बस वळून बघत होती. शिवांश झाडे बघत होता.

आत्तीने खिडकीची काच लावून घेतली.

"वारं लई हाय," ती म्हणाली.

केंद्रातली खोली लहान होती आणि तिच्या भिंतींना जाड गादीसारखे काही तरी लावलेले होते. आत आवाज येत नव्हता. तंत्रज्ञ म्हणाला, पाजा आणि झोपवा. सौंदर्याने पाजले, थोपटले, खांद्यावर घेऊन फिरवले. डॉल्बीच्या भिंतीपुढे झोपलेला मुलगा त्या शांत खोलीत टक्क जागा होता. तंत्रज्ञाच्या हातातल्या रंगीत तारा त्याला आवडल्या होत्या. त्याने त्या धरायला हात पुढे केला.

"झोपल्याशिवाय व्हायचं नाही," तंत्रज्ञ म्हणाला. "पुढच्यांना घेतो. तुम्ही बाहेर प्रयत्न करा. आज नाही झालं तर नवी तारीख घ्यावी लागेल."

नवी तारीख म्हणजे सहा महिने सरणार, हे सौंदर्याला कळत होते. बाहेर बाकावर तिने त्याला मांडीवर घेतले आणि पदराने उजेड अडवला. दोन बाळे आत जाऊन आली. त्यांच्या आयांना काय कळले, ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हते, आणि सौंदर्या ओळखायचा प्रयत्नही करत नव्हती.

मोबाईल वाजला. शिवशरणचा होता. सौंदर्याने तो आत्तीकडे दिला.

"कुठं हायसा तुमी?" पलीकडून आवाज आला. "गुंडूदादा घरी येऊन गेले. कुलूप हाय म्हणले. दादांनी फोटोसाठी पोराला बोलावलंय."

आत्तीने सौंदर्याकडे बघितले नाही. "बाजारात हाय," ती म्हणाली.

"बाजारात? ह्या टायमाला? काय आणाय?"

"भेंडी," आत्ती म्हणाली आणि फोन बंद करून तिने तो कमरेला खोचला. "दे इकडं त्याला. तुझं थोपटणं बरं न्हाय. उगं धपाधपा मारतीस."

तिने त्याला पायांवर आडवे घेतले, न्हाऊ घालताना घेतात तसे, आणि कपाळावरून, भुवयांवरून, नाकाच्या शेंड्यापर्यंत बोट फिरवायला लागली. अंगाई तिने म्हटली नाही. नुसते बोट फिरवत राहिली. बराच वेळ काही झाले नाही. मग शिवांशचे डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा मिटले.

साडेतीन वाजता तंत्रज्ञाने त्याला अलगद उचलून आत नेले. कपाळावर आणि दोन्ही कानांमागे तारा चिकटवल्या. सौंदर्याला आत बसायची परवानगी मिळाली. आत्तीला मिळाली नाही. दार लागले आणि वर लाल दिवा लागला.

बाहेर बाकावर आत्तीच्या कमरेला मोबाईल पुन्हा वाजू लागला. तिने तो बाहेर काढला, नाव वाचले आणि तसाच वाजू दिला. समोरच्या बाकावरच्या बाईचे बाळ त्या आवाजाने जागे होऊन रडायला लागले. आत्ती त्या बाळाकडे बघत राहिली.

चार वाजता लाल दिवा चालू होता. दार उघडले नव्हते.